मयत मिंकोचा अर्धा वाटा

ग्राझ, ऑस्ट्रिया
१० जानेवारी १९९३

त्सोना,

अक्षर ओळखलंस का? चव्वेचाळीस वर्षांत पहिल्यांदाच पत्राखाली माझं नाव घालतोय. आजवर दर हिवाळ्यात बिननावाच्या पाकिटातून मिरचीचं बी धाडत होतो, ते कुणाकडून येतं हे तुला कळत असणारच. आता बल्गेरियातलं राज्य बदललं, पोस्टात पाकिटं फोडणारे घरी बसले असं म्हणतात. खरं ना?

मी बरा आहे. सहासष्ट पुरी झाली. दोन काचेची घरं आहेत, त्यांत मिरच्या, काकड्या लावतो. बायको हेर्टा इथलीच. तिला तुझ्याविषयी सगळं सांगितलंय.

आता मुद्द्याचं बोलतो. सरकारने सत्तेचाळीस साली हिसकावलेल्या मालमत्ता मूळ मालकांच्या वारसांना परत मिळतायत. म्हणजे बाबांची गुलाबाचं तेल काढायची भट्टी आपली झाली! अर्धी तुझी, अर्धी माझी. मी वकील गाठलाय. खरेदीखत तुझ्याकडे असेल. ताबा घेताना सरकारी माणसांनी दिलेली पावती माझ्याकडे आहे. मी पळालो त्या दिवशी बाबांनी ती घडी करून माझ्या बुटात घातली होती. 'तांब्याचे चार हंडे, मालक नाचो,' असं लिहिलंय आणि खाली सरकारी शिक्का. बघ, बाबा किती पुढचं बघत होते!

इथे लिंडिंगर म्हणून एक व्यापारी आहे. डांबरी रस्त्याला लागून असलेली जागा त्याला गोदामासाठी हवी आहे. हंडे काय, जुनेच झाले, तो ते वितळवून टाकील. तुझा अर्धा हिस्सा तुला चोख मिळेल. जन्मभर धुरात डोळे जाळले असशील, आता जरा पाय पसरून बस. मालकी हक्क परत येतोय, तर त्याचं सुख घेऊ या.

माझा जन्मदाखला तेवढा नगरपालिकेतून काढून धाड.

तुझा दादा,
मिंको

•

यासेनित्सा
३० जानेवारी १९९३

मिंकोदादा,

ओळखलं. अजून कोंबडीने उकरल्यासारखंच लिहितोस.

तुझा जन्मदाखला काढायला गेले होते. बाईने वही उघडली, बोट ठेवलं आणि म्हणाली, "त्सोनाकाकी, याचा जन्मदाखला कशाला हवा? याचा मृत्यूदाखला आहे ना." तर दादा, तुझ्या अर्ध्या हिश्श्याचं काही जमायचं नाही. तू मेला आहेस.

हसू नकोस. १५ मे १९५१ रोजी मेलास. नगरपालिकेत नोंद आहे. आईबाबांच्या शेजारी तुझी कबर आहे, क्रूसावर तुझा गळपट्टा बांधलेला फोटो आहे. चाळिसाव्या दिवशी, सहा महिन्यांनी, वर्षाला, आणि मग दर वर्षी मी तुझ्या नावाने साखर-अक्रोड घालून गहू शिजवते आणि गावभर वाटते. सगळे ओंजळ पुढे करतात, 'देव त्याला क्षमा करो' म्हणतात आणि खातात. बेचाळीस वर्षं खातायत. कसं घडलं ते तोंडाने सांगितलं असतं, पण मेलेल्या माणसाशी तोंडाने बोलता येत नाही.

नोव्हेंबरात नगरपालिकेचा ठराव झाला: नाचोची एकमेव हयात वारस त्सोना, इमारत तिला परत. मी काही लबाडी केली नाही. वहीत होतं तेच त्यांनी वाचलं.

आता आमच्याकडचं ऐक. सामुदायिक शेतीसंघ मोडायला वरून एक समिती नेमली. गाव तिला गुंडाळणी समिती म्हणतं. अध्यक्ष पेन्चो. शेजारच्या दोब्राबाईचा मुलगा, तू गेलास तेव्हा रांगत होता. परवापर्यंत संघाचा चिटणीस होता, 'सगळं सगळ्यांचं' म्हणून आमचे कान किटवले. आता तोच संघ मोडतोय आणि सगळं त्याच्या सोयऱ्यांचं होतंय. चोर तो चोर, वर शिरजोर! गाई गेल्या. गोठ्याची कौलंसुद्धा गेली. आता म्हणतो, "इमारत तुमची असेल, हंडे संघाचे. सत्तेचाळीसची जप्तीची यादी दप्तरात सापडत नाही." न सापडायला ती यादी काय सुई आहे? हंडे तांब्याच्या मोडीच्या भावाने लिलावात काढणार. घेणार कोण, तर त्याचा मेहुणा, मोडीवाला. मग माझ्या हातात उरणार चार भिंती, आणि त्या पेन्चो कवडीमोलाने मागणार.

आणि तू म्हणतोस, हंडे वितळवू!

दादा, मालकाची पोर म्हणून मला आधी खुरपायला धाडलं. मग जाळ कुणालाच जमेना, तेल करपायला लागलं, तेव्हा झक मारत बोलावलं. अडतीस वर्षं त्या हंड्यांखाली मी जाळ घातलाय. गावातल्या एकतीस बायकांना आता गुलाबाचा एकेक पट्टा परत मिळालाय. गुलाब सकाळी तोडला की त्याच दिवशी हंड्यात पडायला हवा, नाहीतर पोत्यातच आंबतो. आमची भट्टी नसेल तर त्या पट्ट्यांत बटाटे लावायचे. या मे महिन्यात भट्टी आम्ही चालवणार. आमचं ठरलंय. विकायचं नाही, भाड्याने द्यायचं नाही, वितळवायचं तर नाहीच नाही.

तुझ्या लिंडिंगरला सांग, आयत्या बिळावर नागोबा व्हायचं तर दुसरं बीळ शोध.

मला एकच हवं. ती पावती पाठव.

तुझी हयात बहीण,
त्सोना

ता. क. पोस्टात आता पेन्चोची बायको बसते. हे पत्र मी प्लोव्हदिव्ह शहरात जाऊन टाकलं. तुझी उत्तरं माझ्या मैत्रिणीच्या, विदाच्या जावयाकडे दे. तो ग्राझवरून ट्रक नेतो, पत्ता सोबत आहे.

•

ग्राझ
१९ फेब्रुवारी १९९३

त्सोना,

तुझं पत्र वाचून मी काचेच्या घरात जाऊन बसलो. हेर्टाने तीनदा जेवायला बोलावलं. तिला काय सांगू? मला पुरलंय म्हणून?

मी इथे चव्वेचाळीस वर्षं आपल्या घराची स्वप्नं पाहिली, आणि तुम्ही माझे गहू वाटत होतात! आईनेही खाल्ले? तिने माझ्या नावाने 'देव त्याला क्षमा करो' म्हटलं? कशाची क्षमा? मी काय केलं होतं? दोन दिवस चालत सरहद्द ओलांडली, पायाची नखं गेली, एवढाच माझा गुन्हा.

आणि त्या कबरीत कोण आहे? का नुसतीच माती?

तू फार चिडून लिहितेस. मीही लिहू शकतो. एकतीस बायका आणि एक भट्टी! त्सोना, सगळ्यांचं म्हणून जे केलं त्याची माती झालेली तुम्हीच पाहिलीत ना? जगात कुठेही जा, धंद्याला मालक एकच लागतो, कागदावर, शिक्क्यासकट. तू पुन्हा तेच करायला निघालीस, फक्त पेन्चोच्या जागी तू.

पावती पाठवणार नाही. ती माझ्या हातानेच कोर्टात ठेवीन, जिवंत माणूस म्हणून. वकील म्हणतो, मृत्यूची नोंद रद्द करून घेता येते. मला माझं नाव परत हवंय. भट्टी मग बघू.

मिंको
(मयत नाही)

•

यासेनित्सा
१४ मार्च १९९३

दादा,

पाकिटात लाल-पांढरा दोरा आहे. एक मार्चला मनगटात बांधायचा, करकोचा दिसला की झाडाला टांगायचा, विसरला नसशील. मेलेल्यांना बांधत नाहीत. तुला पाठवतेय. यावरून काय ते समज.

आता आईचं ऐक. तिला बोल लावलास ते मला सहन झालं नाही, म्हणून सगळंच सांगते.

तू गेलास आणि बाबा त्याच हिवाळ्यात गेले. पोलीस दर आठवड्याला यायचे. "मुलगा कुठेय?" ज्यांचं कुणी पळालं त्या घरांना ट्रकमध्ये भरून लांबच्या गावी नेऊन टाकत होते. एक्कावन्नच्या मे महिन्यात ट्रक आपल्या दाराशी लागला. गाद्या चढवल्या, कोंबड्यांची खुराडी चढवली. तेवढ्यात विदाचा बाप धावत आला. खाली नदीकाठाला एका तरुण पोराचं प्रेत लागलंय, चेहरा ओळखू येत नाही. आई ट्रकमधून उतरली. तशीच, मोज्यांवर, नदीपर्यंत गेली. मी मागे. तिने त्या पोराकडे पाहिलं. त्याचे केस काळे होते, तुझे तांबूस. तिने त्याचं डोकं मांडीवर घेतलं आणि अशी हंबरली की पोलिसांनी टोप्या काढल्या. "हा माझा मिंको," म्हणाली.

ट्रक रिकामा गेला. आम्ही आमच्या घरात राहिलो.

तिने तुला मारलं नाही, दादा. तिने मला वाचवलं. आणि एका परक्या पोराला आई मिळाली. त्याचं नाव आम्हाला कधीच कळलं नाही. रात्री उठून ती म्हणायची, त्याचीही आई कुठेतरी वाट बघत असेल. पंधरा वर्षांनी तुझं पहिलं बी आलं तेव्हा तिने त्याचा वास घेतला, हसली आणि दुसऱ्या दिवशी नेहमीसारखी कबरीवर दिवा लावायला गेली. म्हणाली, "आता दोघांसाठी लावते."

आणखी एक सांगते. सरकारने भट्टीवरची बाबांची पाटी काढून 'केंद्र क्रमांक तीन' लिहिलं. बाबांचं नाव घ्यायची चोरी. पण मयताचं, नाव आणि फोटो छापलेलं पत्रक दाराला लावायला कोण मनाई करणार? आणि लावलेलं पत्रक कोण फाडणार? ते फक्त वारा-पाऊसच फाडतो. म्हणून मी दर वर्षी भट्टीच्या फाटकावर तुझं पत्रक लावलं: 'मिंको, या भट्टीचे मालक नाचो यांचा मुलगा.' मालक नाचो! बेचाळीस वर्षं पक्षाची माणसं त्याच्याखालून ये-जा करत होती. पेन्चोसुद्धा. तुझ्या मरणावर आम्ही बाबांचं नाव टिकवलं.

आणि धंद्याला एकच मालक म्हणतोस, तर ऐक. मी पेन्चोच्या जागी बसणार नाही. इमारत कागदावर माझी, हंड्यांतला गुलाब ज्याचा त्याचा. तेल निघेल तसं ज्याने जितकी पोती आणली तितका त्याचा वाटा. सगळ्यांचं म्हणजे कुणाचंच नाही हे आम्ही भोगलंय, तू शिकवू नकोस. आमच्याकडे प्रत्येकीच्या पोत्याला तिचं नाव आहे.

लिलाव १५ मेला ठेवलाय. गुलाब तोडायला लागायच्या आदल्या दिवशी, मुद्दाम. पावती पाठव. तुझा वकील आवर. तू जिवंत झालास तर माझा ठराव खोटा पडतो आणि पेन्चोला हवं ते मिळतं.

त्सोना

•

ग्राझ
४ एप्रिल १९९३

त्सोना, बाळे,

दोरा बांधलाय. इथे करकोचे दिसत नाहीत.

तुझं पत्र मी दहा वेळा वाचलं. मोज्यांवर, असं लिहिलंयस. ते मला विसरता येत नाही.

मी तुझ्यापासून एक गोष्ट लपवली होती. जानेवारीतच मी लिंडिंगरच्या करारावर सही केली होती. तुला विचारायच्या आधी. म्हटलं, ती नाही कशाला म्हणेल? आणि फेब्रुवारीत रागाच्या भरात वकिलाला सांगितलं, गावच्या त्या समितीला लिही की दुसरा वारस हयात आहे आणि अर्धा हिस्सा मागतोय. तुझं पत्र आलं त्याच दिवशी धावत त्याच्याकडे गेलो. तो म्हणाला, "काळजी नको, पत्र केव्हाच गेलं."

ते पेन्चोला मिळालं का? मिळालं नसेल असं म्हण.

मिंको

•

यासेनित्सा
२२ एप्रिल १९९३

दादा,

मिळालं.

ईस्टरच्या आदल्या दिवशी मी अंडी रंगवत होते, हात कोपरापर्यंत लाल. पेन्चो कागद फडकावत फाटकात उभा. "त्सोनाकाकी, अभिनंदन! तुमचा भाऊ मेलेल्यांतून उठला! ईस्टरला अगदी वेळेवर!" असं म्हणून एकटाच हसला. मग बोट नाचवत म्हणाला, "खोटी कबर, खोटा दाखला, खोटा ठराव. या वयात तुरुंगात जाल. कोर्टाचा निकाल लागेपर्यंत इमारतही समितीच्या ताब्यात. तीन वर्षं लागतील, पाचही लागतील." आणि त्याने फाटकाला सुतळी गुंडाळून लाखेचं सील ठोकलं.

मी त्याला म्हटलं, "पेन्चो, तुझी आई तुला कडेवर घेऊन याच फाटकात गुलाबपाणी मागायला यायची. तेव्हा मी तुझी नाकं पुसली आहेत. तुझ्या तुरुंगाला मी भिईन?" पण दादा, तुला खोटं कशाला सांगू, तो गेल्यावर मी खुर्चीत बसले ते संध्याकाळपर्यंत उठले नाही. एकतीस बायकांना काय तोंड दाखवू? बेचाळीस वर्षं राखलेलं तू एका पाकिटात घालवलंस. उचलली जीभ लावली टाळ्याला, तुझी ही खोड लहानपणापासूनची.

विदा आली. तिला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "रडतेस काय? सील फाटकाला आहे, कुंपणाला नाही." दुसऱ्या दिवशी सगळ्या बायका मागच्या कुंपणावरून आत उतरल्या. आज चौथा दिवस. हंडे घासून लख्ख केलेत, लाकडं रचलीत. विदा चढताना अडकली, तिचा घागरा अजून कुंपणावर आहे. पेन्चोला निशाण म्हणून ठेवलाय.

आता तूच ठरव. जिवंत व्हायचं तर इकडे ये आणि माझ्या शेजारी उभा राहा. नाहीतर नीट मेलेला राहा. दोन्ही डगरींवर हात ठेवून चालणार नाही. लिलावाला तेवीस दिवस उरलेत.

त्सोना

•

ग्राझ
३ मे १९९३

त्सोना,

विदाचा जावई बाहेर ट्रक सुरू ठेवून उभा आहे, म्हणून थोडक्यात लिहितो.

मी यायचं ठरवलं होतं. बॅग भरली, तिकीट काढलं. मग विचार केला, मी आलो की काय होईल? पेन्चोला त्याच्या गोष्टीचा पुरावा चालत दारात येईल. आणि तुझ्या शेजारी उभं राहायच्या ऐवजी तुझ्या विरुद्ध उभा राहीन, माझी इच्छा असो वा नसो.

लिंडिंगरचा करार रद्द केला. तो खूप बोलला, मीही बोललो. आपल्या भाषेत बोललो, त्याला कळलं नाही, मला बरं वाटलं.

सोबत दोन कागद आहेत. पहिला, बाबांची पावती. दुसरा, समितीच्या नावे माझं पत्र. त्यात मी लिहिलंय: 'मी मिखाएल, ग्राझ येथील माळी, ऑस्ट्रियाचा नागरिक. मी आणि कै. मिंको एकत्र सरहद्द ओलांडायला निघालो होतो. तो मागे वळला, घरच्यांची आठवण येते म्हणाला. नंतर नदीत गेल्याचं कळलं. वळताना त्याने ही पावती माझ्याजवळ दिली. फेब्रुवारीत मी लोभापायी त्याच्या नावाने हिस्सा मागितला, ते खोटं होतं. मिंको मेला. त्याच्या बहिणीचा हक्क पूर्ण आहे.' इथल्या कागदांवर माझं नाव एक्कावन्नपासून मिखाएलच आहे, त्यामुळे सहीत खोट नाही.

लिहिताना एक शब्दही खोडला नाही. पेन्चोने हंडे न्यायचे? आईने ज्यासाठी मोज्यांवर धाव घेतली ते घर, ते फाटक, ती आग माझ्या सहीने जायची? थू! मी बावीस वर्षांचा असताना त्यांनी मला पळायला लावलं. सहासष्टाव्या वर्षी मी त्यांच्या हाती लागणार नाही. मेलेल्या माणसाला कुणीही पकडू शकत नाही.

मिंकोच्या वतीने,
मिखाएल

•

यासेनित्सा
१७ मे १९९३

दादा,

हात राखेने भरलेत, कागदाला डाग पडतील. पण तुला आजच सांगायला हवं.

शनिवारी पेन्चो आला. समितीचे दोघे, मेहुण्याचा ट्रक, ट्रकवर मोठा वजनकाटा. फाटकाचं सील त्याने स्वतः तोडलं आणि आत पाहतो तो एकतीस बायका हंड्यांसमोर उभ्या, कमरेला फडकी बांधून. मागे अख्खं गाव. मी पावती पुढे केली. "चार हंडे, मालक नाचो. तुझ्या दप्तरात नव्हती ती ही यादी. शिक्का बघ, तुझ्याच सरकारचा आहे."

त्याने उलटसुलट करून पाहिली आणि ओरडला, "ही आली कुठून? मिंकोकडून! म्हणजे तो जिवंत आहे!"

मी मिखाएलचं पत्र दिलं. ते त्याने वाचलं आणि मांडीवर थाप मारली. "कोण हा मिखाएल? हाच मिंको! अहो, गावात लहान पोरालाही माहीत आहे तो जिवंत आहे. कुणालाही विचारा!"

"विचार ना," मी म्हटलं.

त्याने पाद्री स्पासना विचारलं. ते नव्वदीचे, काठी टेकून उभे. म्हणाले, "मी त्याला पुरलं. मी गहू खाल्ले." विदाला विचारलं. "मी गहू खाल्ले." पेन्चोने आवाज चढवला. न्हाव्याला, पाववाल्याला, ट्रक चालवणाऱ्या विदाच्या जावयाला, जो तुझ्या हातची कॉफी पिऊन आलाय, त्यालाही विचारलं. "मिंको? देव त्याला क्षमा करो. मी गहू खाल्ले."

दादा, तुझ्या मिरच्या गावात प्रत्येकाच्या परसात आहेत. त्या मिरचीला नाव काय आहे ठाऊक आहे? 'मयताची मिरची'. सगळ्यांना सगळं माहीत आहे. एकानेही डोळा मिचकावला नाही.

आणि पेन्चोने लिलावाला दिवस निवडला होता कोणता? पंधरा मे. गुलाबाच्या नादात तुझी तिथीच विसरला गडी! माझं पातेलं तयार होतं, सकाळीच शिजवलेलं. मी झाकण काढलं आणि वाटायला सुरुवात केली. बायका, म्हातारे, समितीचे ते दोघेसुद्धा, कारण मयताचे गहू कुणी नाकारत नाही. मग पेन्चोची आई दोब्राबाई पुढे आली. अठ्ठ्याऐंशी वर्षांची, दर वर्षी येते. ओंजळ केली, खाल्लं आणि मुलाकडे वळली. "माझ्या पेन्चोलाही दे ग. लहानपणी दोनदा मागायचा."

मी चमचा भरून त्याच्यासमोर धरला. घेतला तर सगळ्या गावासमोर मयत मान्य. नाही घेतला तर आईसमोर मयताचा अपमान, आणि तो या गावात आजवर कुणी केलेला नाही. त्याचा चेहरा बीटासारखा झाला. मेहुणा ट्रकवरून बघतोय.

पेन्चोने ओंजळ पुढे केली.

तो पुटपुटला काहीतरी. मी म्हटलं, "मोठ्याने बोल पेन्चो, तुझ्या आईला कमी ऐकू येतं."

"देव मिंकोला क्षमा करो," पेन्चो म्हणाला. आणि खाल्लं.

समितीच्या दोघांनी तिथेच कागदावर लिहिलं की हंडे इमारतीचे, लिलाव रद्द. मेहुण्याने टोपी काढली, स्वतःहून गहू मागितले आणि रिकामा काटा घेऊन परत गेला.

काल सकाळी सात वाजेपर्यंत पहिली पोती आली. प्रत्येक पोत्यावर नाव, जांभळ्या शाईत. मी जाळ घातला. चारही हंडे चालू आहेत, सगळ्या गल्लीत वास पसरलाय. फाटकावर तुझं नवं पत्रक आहे आणि त्याच्यावर बाबांची जुनी पाटी. माळ्यावर ठेवली होती, घासून लावली.

पण दादा, तू हरलास त्यात. मला ते दिसतं. तुझं नाव, तुझा अर्धा वाटा, तुझं गाव, सगळं तू एका सहीने सोडलंस. हंड्यासमोर मी हसले, घरी येऊन रडले. आम्ही तुला दुसऱ्यांदा पुरलं, आणि या वेळी तू स्वतःच माती घातलीस. काय देऊ तुला? सांग. मागशील ते देईन.

तुझी
त्सोना

•

ग्राझ
५ जून १९९३

त्सोना, माझ्या बाळे,

मी हेर्टाला पत्र वाचून दाखवलं. 'मोठ्याने बोल पेन्चो' इथे तिने दोनदा थांबवून पुन्हा वाचायला लावलं. मग आम्ही दोघं वेड्यासारखे हसलो.

मी हरलो असं समजू नकोस. माझं नाव नाही, असं म्हणतेस? माझं नाव त्या फाटकावर आहे, बाबांच्या नावाखाली. जिवंतपणी कुणाचं एवढं राहतं? ते तिथेच राहू दे. त्या नदीतल्या पोराकडेही राहू दे. बेचाळीस वर्षं त्याने ते सांभाळलंय.

सप्टेंबरात मिखाएल म्हणून ऑस्ट्रियाचा एक म्हातारा माळी तुमच्या गावी येईल, बायकोला घेऊन. मिरच्या बघायला. फाटकावरच्या फोटोत मी बावीस वर्षांचा आहे, आता मला कोण ओळखणार? आणि ओळखलं तरी तुझं गाव बोलणार नाही. मला त्या पोराच्या कबरीवर घेऊन जा. मी त्याच्या मातीवर माझ्या हाताने वाइन ओतीन, आणि आईला सांगीन की दिवा दोघांना पोचला.

तू विचारलंस काय देऊ म्हणून. भट्टीतला अर्धा वाटा मी सोडला, त्याबद्दल पुन्हा बोलू नकोस. पण माझ्या नावाचे गहू बेचाळीस वर्षं अख्ख्या गावाने खाल्ले, पेन्चोनेसुद्धा खाल्ले, एकटा मीच तेवढा उपाशी राहिलो. मी येईन त्या दिवशी पातेलं चढव. साखर जरा जास्त घाल. त्यातला माझा वाटा मी सोडणार नाही.

तुझा दादा